‘ड’ तुकडीतून परतीची वाट कुठून आहे?

पत्र थोडक्यात असं: मध्य नागपुरातल्या एका आईनं लिहिलंय. नवऱ्याचं टायर-पंक्चरचं दुकान, ती घरी शिलाई करते. मुलगी चौथीपर्यंत महापालिकेच्या उर्दू शाळेत होती. आई स्वतः मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून पाचवीला तिनं मुलीला मराठी माध्यमाच्या, मुलींच्या एका अनुदानित शाळेत घातलं. यंदा जूनअखेर शाळा उघडली तेव्हा कळलं की आठवीला तुकड्या नव्यानं पाडल्यात. अ आणि ब सेमी इंग्रजी, क आणि ड पूर्ण मराठी. मुलगी ड मध्ये. सातवीत तिला 600 पैकी 348, म्हणजे 58 टक्के. गणितात 84, विज्ञानात 66, हिंदीत 62. पण मराठीत 41, इंग्रजीत 49, सामाजिक शास्त्रात 46. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “ड मध्ये तिला सोपं जाईल, वर टाकलं तर झेपणार नाही.” ड मध्ये 46 मुली आहेत, त्यातल्या 22 मुसलमान (बाकीच्या बहुतेक बौद्ध वस्तीतल्या आणि बांधकामावरच्या घरांतल्या). अ मध्ये मुसलमान मुली तीन. गणिताचे सर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, ड्युटीवर गेले की ड चा तास पीटीच्या बाई घेतात. नवरा म्हणतो, मोहल्ल्याजवळच्या उर्दू हायस्कुलात टाकू. दीर म्हणतो, कर्ज काढा पण इंग्रजी शाळेत घाला. मुलगी एक दिवस घरी येऊन म्हणाली, “अम्मी, हम तो ड वाले हैं ना.” आई विचारते: माझी मुलगी खरंच इतकी कच्ची आहे का? आणि हे आमच्या नावामुळे झालं का? तक्रार केली तर राग पोरीवर निघेल, ही भीती आहेच.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली आणि मार्कांची बेरीज करून पाहिली. 348 बरोबर आहे. ही जुनी खोड. 32 वर्षं शाळेत काढली की बेरीज तपासल्याशिवाय पुढे जाववत नाही. आणि एकदा ती तपासूनही मी गप्प बसले होते, ते आधी सांगते.

तुकड्या कशा पडतात हे मी आतून पाहिलंय. पाडल्याही आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत, कूलरचा आवाज चालू, स्टाफरूममधल्या हिरव्या रेक्झिनच्या टेबलावर फुलस्केप कागद जोडून मोठी यादी केलेली. सगळ्या विषयांची बेरीज शेवटच्या रकान्यात, उतरत्या क्रमानं. 60 व्या नावाखाली पट्टी ठेवायची आणि लाल पेननं रेघ मारायची. रेघेच्या वर ‘अ’, खाली ‘ब’. त्या वर्षी रेघेच्या वर 402 मार्कांची मुलगी होती, खाली 401 ची. एका मार्कानं मूल हुशार किंवा कच्चं ठरत नाही हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळत होतं, पण रेघ कुठंतरी मारावी लागते ना, म्हणून मारली. सप्टेंबरात माझ्या लक्षात आलं की खालच्या तुकडीतल्या एका मुलीची बेरीजच चुकलीय. 11 मार्क कमी धरलेत. तोवर हजेरीपट झाले होते, बाक ठरले होते. मी मुख्याध्यापकांना सांगितलं नाही. “आता वर्ष अर्धं झालं,” असं स्वतःला सांगितलं. नववीनंतर तिनं 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा, फॉर्म भरला आणि शाळेतून गेली. तिच्या जाण्याला ते 11 मार्कच कारणीभूत होते असं मी म्हणू शकत नाही. कारणीभूत नव्हते, असंही म्हणता येत नाही.

हे सांगायचं कारण, तुकडी म्हणजे फार विचार करून, मुलाला नीट पारखून दिलेला निकाल आहे असं पालकांना वाटतं. बहुतेक वेळा तो वेळापत्रकाचा, खोल्यांचा आणि एका बेरजेच्या रकान्याचा हिशेब असतो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मुलगी कच्ची आहे का? तुमच्याच आकड्यांकडे पुन्हा पाहा. सेमी म्हणजे काय? गणित आणि विज्ञान हे दोनच विषय इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. मग सेमीला कोण झेपेल हे ठरवायला गणित, विज्ञान आणि फार तर इंग्रजी पाहायला हवं. शाळेनं पाहिलं सगळ्याची बेरीज. त्या बेरजेत तुमच्या मुलीला खाली ओढलंय मराठी आणि सामाजिक शास्त्रानं, आणि सेमीच्या वर्गात हे दोन्ही विषय मराठीतच असतात. मराठीत 41 पडले म्हणून 84 वाल्या मुलीला गणिताच्या चांगल्या वर्गाबाहेर ठेवलं, असा याचा अर्थ होतो. प्रगतिपुस्तकाच्या भाषेत सांगायचं तर गणितात अ-2 श्रेणीची मुलगी एकूण क-1 मध्ये बसली आणि त्या एकूणावर तिचा गणिताचा वर्ग ठरला. ही कच्ची मुलगी नाही. ती चार वर्षं उर्दूतून शिकून पाचवीला उजवीकडून डावीकडे लिहिण्याऐवजी डावीकडून उजवीकडे लिहायला लागलेली मुलगी आहे, आणि तीन वर्षांत तिनं गणितात 84 आणलेत.

एक गोष्ट मात्र मान्य करू. इंग्रजीतले 49 ही खरी अडचण आहे. बाई म्हणतात ते सगळंच बहाणा नाही. विज्ञानाचा धडा इंग्रजीतून आला की पहिले दोन-तीन महिने तिला जड जाईल. पण जड जाणं आणि न झेपणं यातलं अंतर मोजल्याशिवाय कळत नाही, आणि ते कुणी मोजलेलं नाही.

लहानपणी लंगडी-पकडापकडीत आपण एखाद्या लहान भावंडाला ‘कच्चं लिंबू’ करायचो, आठवतं? त्याला कुणी बाद करत नाही. तो पळतो, हसतो, खूश असतो, फक्त खेळात त्याची मोजदाद नसते. “तिला तिथं सोपं जाईल” हे वाक्य ऐकलं की मला कच्चं लिंबू आठवतं. बाईंचा हेतू वाईट नसेल. मी स्वतः हे वाक्य शेकडो पालकांना मायेनंच ऐकवलंय. पण पाच-सहा वर्षांच्या पोराला कच्चं लिंबू करणं वेगळं आणि तेरा वर्षांच्या, 84 मार्क आणणाऱ्या मुलीला करणं वेगळं.

दुसरा प्रश्न अवघड आहे. हे नावामुळे झालं का?

मला माहीत नाही, ताई, आणि इथं बसून मी ठरवूही शकत नाही. यादी करणाऱ्यानं आडनावं पाहून केली असेल, किंवा नुसती बेरीज पाहून केली असेल. पण तुमचा प्रश्न असा बांधलेला आहे की त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तुम्हाला पुढचं पाऊल टाकता येणार नाही. तुम्ही शाळेत जाऊन “मुसलमान आहे म्हणून का?” विचारलं की समोरचा माणूस दुखावतो, “आम्ही असलं काही मानत नाही” म्हणतो, चहा मागवतो, आणि विषय तिथंच संपतो. हेतू सिद्ध करण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर का? कुणाचाही हेतू वाईट नसताना 46 पैकी 22 आणि अ मध्ये तीन, हा आकडा तयार होऊ शकतो. घरची भाषा वेगळी, ट्यूशन नाही, आणि मोजमाप एकाच बेरजेचं, एवढं त्याला पुरतं. आकडा तयार झाला की त्याची जबाबदारी शाळेचीच.

अमेरिकेत हा वाद फार जुना आहे. वॉशिंग्टन शहरातल्या शाळांत मुलांना चाचण्या घेऊन वेगवेगळ्या ‘ट्रॅक’वर टाकायचे, आणि खालच्या ट्रॅकवर गरीब, काळी मुलं भरलेली असायची. ज्युलियस हॉब्सन नावाचे एक पालक कोर्टात गेले. 1967 साली न्यायाधीश स्केली राइट यांनी ती पद्धत रद्द केली. त्या चाचण्या गोऱ्या, मध्यमवर्गीय मुलांवर बेतलेल्या होत्या आणि मुलाची कुवत मोजण्याऐवजी त्याची परिस्थिती मोजत होत्या, असं त्यांच्या निकालाचं सार. तुमच्या मुलीच्या मराठीच्या पेपरानं तिची बुद्धी मोजली की तिची पहिली चार वर्षं मोजली, हाच प्रश्न तुमच्या मुख्याध्यापकांना विचारता येतो.

आणि नागपुरात राहून आपल्याला अमेरिकेपर्यंत जायची गरजही नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं, फारसी घ्यावी लागली. तिथं मार्कांचा प्रश्नच नव्हता. आज कुणी तोंडावर तसं नाकारत नाही. आज बेरजेचा रकाना पुढे करतात, आणि त्याच्याशी भांडणं जास्त कठीण जातं, कारण तो दिसायला निःपक्षपाती असतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. बाकीच्या बहुतेक बौद्ध वस्तीतल्या आणि बांधकामावरच्या घरांतल्या. मला ते कंसाबाहेर काढायचंय. हे दुखणं तुमच्या एकट्या समाजाचं असतं तर ड मध्ये 46 च्या 46 मुली मोहल्ल्यातल्या असत्या. अर्ध्याहून जास्त दुसऱ्या आहेत. त्यांच्या आयाही कुठंतरी भांडी घासताना, विटा वाहताना हाच विचार करत असणार की आपली पोर कच्ची आहे. त्यांच्याशी बोलला आहात का? पत्रात तसं दिसत नाही.

“राग पोरीवर निघेल” या भीतीवरचा इलाजही तिथंच आहे. एकटी आई गेली की ती ‘तक्रार करणारी बाई’ होते. चौघी-पाचजणी गेल्या, त्यात एक बौद्ध वस्तीतली, एक कामगाराच्या घरची, तर ते ‘पालक’ होतात. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. शाळेत राग निघतो, बारीक-बारीक निघतो, वही फेकण्यातून, “बस खाली” म्हणण्यातून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई केलीय, हे माहीत असू द्या. पहिल्या भेटीत ते बोलून दाखवू नका.

कायद्याबद्दल थोडं, कारण पुष्कळ पालक चुकीची अपेक्षा घेऊन जातात. 2009 चा हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. प्रवेश देताना मुलाची चाळणी परीक्षा घ्यायला कलम 13 नं बंदी आहे. पण मूल आत आल्यावर तुकडी कशी पाडायची, याबद्दल कायदा थेट बोलत नाही. 25 टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत आलेल्या मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळेला बसवू नये, एवढं केंद्राच्या 2010 च्या नियमांत आहे. तुमची मुलगी त्या जागांवरची नाही. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ नये, ही जबाबदारी मात्र कायद्यानं सरकारवर आणि महापालिकेवर टाकलीय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. अनुदानित शाळेत या समितीला सल्ला देण्यापुरताच अधिकार आहे. तरीही तुमच्या शाळेच्या समितीत ड तुकडीची एकतरी आई आहे का, हे विचारून पाहा. शिवाय आठवी हे या कायद्याच्या छत्राखालचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी हे सगळं बोलायला उशीर झालेला असेल.

तुकड्या पाडणं मुळातच पाप आहे का? माझं मत तसं नाही, आणि पुरावाही एका बाजूनं बोलत नाही. केनियात 121 शाळांत एक मोठा प्रयोग झाला. पहिलीचे वर्ग खचाखच भरलेले, त्यांचे दोन भाग केले. काही शाळांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे, काही शाळांत मुलांच्या पातळीप्रमाणे. पातळीप्रमाणे वाटलेल्या शाळांत वरच्या आणि खालच्या दोन्ही मुलांना फायदा झाला, कारण शिक्षकाला समोरच्या मुलांना कळेल अशा वेगानं शिकवता आलं. ‘प्रथम’ या संस्थेनं आपल्याकडे हेच वेगळ्या तऱ्हेनं केलंय: तिसरी ते पाचवीच्या मुलांची वाचनाची पातळी तपासायची, दिवसातला तास-दोन तास त्या पातळीच्या गटात बसवायचं, मूल पुढं सरकलं की गट बदलायचा. उलट सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी समानतेच्या नावाखाली आठवीचं बीजगणित सगळ्यांचंच बंद केलं आणि दहा वर्षांनी, 2024 मध्ये, ते परत आणायचं ठरवलं. म्हणजे वरची तुकडी मोडली की खालची आपोआप वर येते, असंही नाही.

मग फरक कशात पडतो? ‘प्रथम’च्या गटातलं मूल महिन्याभरात दुसऱ्या गटात जाऊ शकतं. तुमच्या शाळेतली ड मधली मुलगी ब मध्ये कधी जाऊ शकते? हा प्रश्न मी 32 वर्षांत एकाही पालकाच्या तोंडून ऐकला नाही. सगळे विचारायचे, “माझ्या मुलाला खाली का टाकलं?” आम्ही उत्तर द्यायचो, “मार्क कमी होते.” संपलं. “वर यायला काय करावं लागेल, कुठल्या तारखेला पाहणार, कोण पाहणार?” असं कुणी विचारलं असतं तर आमच्याकडे उत्तर नव्हतं. कारण तशी वाटच ठेवलेली नव्हती.

दुसरा फरक, खालच्या तुकडीला काय देता. केनियात तिथं शिक्षक होता आणि तो त्या मुलांसाठी शिकवत होता. तुमच्याकडे सर नसले की ड ला पीटीच्या बाई. सर ड्युटीवर गेले की अ चा तास कोण घेतं? हे विचारा. माझ्या अनुभवात अ चा तास कुठून तरी भरून निघतो.

उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधक बाईंनी सहावी-सातवीच्या मुलांकडून कागदावरचे चक्रव्यूह सोडवून घेतले होते, पैसे देऊन. जात जाहीर केली नव्हती तेव्हा ‘खालच्या’ मानलेल्या जातींची मुलं बाकीच्यांच्या बरोबरीनं सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारल्यावर त्याच मुलांची कामगिरी घसरली. जातवार वेगळं बसवल्यावर आणखी. डोकं तेच, कोडी तीच. “हम तो ड वाले हैं ना” हे तुमच्या मुलीचं वाक्य मी याच्या शेजारी ठेवते. पत्रात तिचं स्वतःचं एवढं एकच वाक्य आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. तिला काय हवंय हे तुम्ही, तिच्या अब्बांनी, चाचांनी विचारलंय का? पत्रात तिघांचीही मतं आहेत, तिचं नाही.

तिच्या अब्बांना मागासलेलं म्हणू नका. उर्दू हायस्कूलचा त्यांचा विचार पोरीच्या मानाचा विचार आहे. तिथं तिची भाषा शिक्षकाला कळेल, कुणी तिच्या नावापाशी अडखळणार नाही. ‘बालभारती’ची पुस्तकं उर्दूत निघतात, बोर्डाची परीक्षाही उर्दूतून देता येते. हा खरा पर्याय आहे. माझी अडचण एवढीच की पाचवी ते सातवी तिनं जी मराठी कष्टानं मिळवली तिचा फायदा आता कुठं मिळायला लागलाय, आणि तेव्हाच तुम्ही तिला दुसऱ्यांदा उंबरा बदलायला लावणार. शाळेनं दार उघडलंच नाही तर मार्चनंतर हा विचार पुन्हा करा, आणि तेव्हा त्या शाळेत नववी-दहावीला गणित-विज्ञान कोण शिकवतं ते पाहून करा. दिराच्या सल्ल्यावर फार शाई घालवत नाही. आठवीत एकदम सगळे विषय इंग्रजीतून, वर डोक्यावर कर्ज, आणि फीच्या मागून ट्यूशन. नको.

माझ्या मते आधी आहे त्याच शाळेत दार ठोठवावं. बाईंकडे न जाता मुख्याध्यापकांकडे, एक साधा अर्ज घेऊन. अर्जात धर्म नको, जात नको, आरोप नको. एवढंच: माझ्या मुलीला सातवीत गणितात 84 आणि विज्ञानात 66 आहेत. सेमीच्या तुकडीचा निकष काय होता तो लेखी कळावा. तिला पहिल्या संकलित परीक्षेपर्यंत गणित-विज्ञानासाठी सेमीत बसू द्यावं, परीक्षेनंतर तुम्ही आणि आम्ही मिळून पाहू. नाही झेपलं तर आम्ही स्वतः तिला परत आणू. ‘नाही’ म्हणणं अवघड जावं असं हे मागणं आहे, कारण तुम्ही कायमचं काही मागतच नाही आहात. पोचपावती घ्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख. शिक्का मारायला कारकून कुरकुर करेल. “काहून एवढं बाई, तोंडी सांगितलं ना,” म्हणेल. हसून उभं राहायचं.

बाकीच्या आया सोबत असतील तर दुसरा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी: ड चे गणित-विज्ञानाचे तास शिक्षक नसताना कोण घेणार, आणि तुकडी बदलायची संधी वर्षातून किती वेळा. काहीच हललं नाही तर शिक्षणाधिकारी आहेत, माहितीचा अधिकारही आहे. 10 रुपये, 30 दिवस. अनुदानित शाळेकडून गेल्या तीन वर्षांच्या तुकड्यांचा निकष मागता येतो. पण हे हत्यार सुरुवातीलाच बाहेर काढलं की चांगले शिक्षकही दार लावून घेतात.

शाळा ‘हो’ म्हणो की ‘नाही’, घरी एक गोष्ट आजपासून करा. ‘बालभारती’च्या संकेतस्थळावरून आठवीच्या गणिताचं पुस्तक फुकट उतरवता येतं, मराठीतलं, इंग्रजीतलं आणि उर्दूतलंही. धडे तेच, उदाहरणं तीच. तिन्ही शेजारी ठेवा. तुमच्या मुलीचा घोटाळा आकड्यांत नाही, शाब्दिक उदाहरणांत असणार, हे मी पैजेवर सांगते. ‘पाऊणपट’, ‘शेकडा’, ‘अनुक्रमे’ इथं ती अडते. तिच्या डोक्यात अजून जमा, तफरीक, जरब, तकसीम चालू असेल. तिला सांगा की मराठीतली जमा, खर्च, वजा, बाकी, रक्कम, हिशेब ही सगळी फारसी-अरबीतूनच आलेली आहेत. मराठीचं गणित तिच्या घरचंच निघेल. रोज अशी पाच उदाहरणं, तिनं मोठ्यानं वाचायची आणि तुम्ही मशीन चालवता-चालवता ऐकायची. तुम्ही मराठी शाळेत शिकलाय, तुम्हाला कळेल ती कुठं थांबते. इंग्रजी शब्दांची एक वेगळी छोटी वही, विज्ञानाच्या प्रत्येक धड्याचे पंधरा-वीस. तेवढ्यावर सेमीचे पहिले दोन महिने निघतात.

आणखी एक, जे ड तुकडीला बहुधा कुणी सांगत नाही. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठी, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत असेल तर. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. बसायला सातवीत 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी 50. तुमच्या मुलीला 58 आहेत. दोन पेपर, 90-90 प्रश्नांचे, एक बौद्धिक क्षमतेचा आणि एक शालेय विषयांचा, पर्यायी उत्तरांचे. भाषेचा पेपर त्यात नाही, ही तिच्या बाजूची गोष्ट. अर्ज शाळेमार्फत ऑनलाइन भरतात, त्यामुळे शाळेनं मनावर घेतलं नाही तर मूल बाहेर राहतं. परीक्षा साधारण डिसेंबरात असते, अर्ज त्याच्या आधी. म्हणून आत्ताच विचारा, आणि “माझ्या मुलीचा” असं न विचारता “ड मधल्या किती मुलींचे भरणार?” असं विचारा. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलमध्ये वेळ जातो, तो आधी काढून ठेवा. त्या बांधकामावरच्या घरांना तर सगळ्यात जास्त वेळ लागेल, कारण त्यांच्याकडे पत्त्याचा कागदच नसतो. त्यातल्या एखाद्या आईला तुमच्याबरोबर तहसीलला घेऊन गेलात तर बरं.

मुख्याध्यापकांकडे जाताना सातवीची गणिताची उत्तरपत्रिका घरी आलेली असेल तर तिची झेरॉक्स न्या, मूळ घरी ठेवा. मुलीला सोबत न्यायचं की नाही हे तिलाच विचारा. ती आली तर तुमच्या मागे उभी न राहता खुर्चीवर बसेल एवढं बघा, आणि सरांनी काही विचारलं तर उत्तर तिला देऊ द्या, मराठीत अडखळली तरी.